दोन्ही नावं मुलींची, म्हणून जेवण नाही

पत्र असं आहे:

“ताई, नमस्कार. मी पार्ल्याची, वय ६१, बँकेतून निवृत्त. माझी धाकटी मुलगी आणि तिची जोडीदार गेली काही वर्षं गोरेगावला एकत्र राहतात. जोडीदार नागपूरची. आम्हाला पचायला वेळ लागला, पण आता घरात कुणाचं काही म्हणणं नाही. डिसेंबरात दोघींचा छोटा समारंभ ठरवला, ऐंशी पानं. जेवण अर्थातच आमच्या नेहमीच्या केटररकडे दिलं. थोरलीचं लग्न, सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन, सगळं त्यांनीच केलेलं. ॲडव्हान्स दिला. आठवड्याने मालकांचा फोन आला. ‘वहिनी, पत्रिकेत दोन्ही नावं मुलींचीच आहेत. हे आमच्याच्याने नाही व्हायचं. कायद्यात पण बसत नाही हो, उद्या पोलीस आले तर?’ पैसे त्याच संध्याकाळी परत पाठवले.

आता लेकीच्या मित्रमंडळींनी व्हॉट्सॲपवर फिरवायला मेसेज तयार केलाय. त्यात दुकानाचं नाव, मालकांचा मोबाइल नंबर, ते राहतात त्या बिल्डिंगचा फोटो, ‘यांच्याकडून एक चकलीसुद्धा घेऊ नका’ आणि शेवटी ‘यांच्या घरच्या कार्यालाही कुणी जाऊ नये’. मी तो सोसायटीच्या आणि महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकावा, असं लेकीचं म्हणणं. यंदा तिथून फराळ आणलास तर मी दिवाळीला येणार नाही, हेही सुनावून झालंय. आमचे हे म्हणतात, ‘दुकान त्यांचं, मर्जी त्यांची.’ आणि दुकानाच्या मागच्या खोलीत चकल्या पाडणाऱ्या बायकांमध्ये एक आमच्याकडे पंधरा वर्षं पोळ्या करत होती. तिचं काय? मी बहिष्कार घालू का? मेसेज पुढे पाठवू का? आणि चार चकल्या न घेतल्याने या मुलींना लग्नाचा हक्क मिळणार आहे का?

– पार्ल्याची एक आई”

पार्ल्याच्या आई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं त्यावर ठरतं. नाही मिळणार. लग्नाचा हक्क तुमच्या केटररच्या गल्ल्यात नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही, आणि समलिंगी विवाहाला मान्यता द्यायची की नाही हे संसदेने ठरवायचं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे तो दरवाजा दिल्लीत आहे, पार्ल्यात त्याची किल्ली कुणाकडेच नाही.

पण म्हणून दुकानदाराने जे सांगितलं ते खरं ठरत नाही. ६ सप्टेंबर २०१८ पासून प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा या देशात गुन्हा नाही. दोघींनी एकमेकींना हार घालावेत, ऐंशी माणसांना जेवायला बोलवावं, याला कुठलाही कायदा आड येत नाही. विवाह नोंदणी होणार नाही, एवढंच. पोलीस कशाला येतील? मसालेभात चाखायला? त्यांना खरंच भीती वाटली असेल तर ती घालवणं सोपं आहे. पण मला वाटतं कायदा हे त्यांना हाताशी सापडलेलं निमित्त होतं. ‘मला हे पटत नाही’ म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून पोलिसांना मध्ये आणलं. हे मी त्यांच्या बाजूनेच सांगतेय. लाज वाटणाऱ्या माणसाशी बोलता येतं.

तुमच्या यजमानांचंही बघून घेऊ. घटनेच्या कलम १५(२) प्रमाणे दुकानात किंवा हॉटेलात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला मज्जाव करता येत नाही. लैंगिक कल त्या यादीत शब्दाने नाही, त्यामुळे कोर्टात काय होईल यावर वकील मंडळी वाद घालतील. पण यजमानांना एवढं विचारा: केटररने जात विचारून ऑर्डर परत केली असती, तेव्हाही तुम्ही ‘मर्जी त्यांची’ म्हणाला असतात का? आणि दुकानदाराला मर्जी असते, तर गिऱ्हाइकालाही असते. तुमच्या पाकिटातले पैसे कुठे खर्च करायचे, याला कुणाची परवानगी लागत नाही. ग्राहक आयोगाकडे जायचं का, असं कुणी सुचवेल. पैसे त्याच दिवशी परत आलेत, हाती फारसं काही लागणार नाही. त्यात डिसेंबरपर्यंतची शक्ती घालवू नका.

आता बहिष्काराकडे येऊ. लेकीची मित्रमंडळी अमेरिकेतली उदाहरणं देत असतील, तर ती नीट ऐकायला हवीत. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘प्रपोझिशन ८’वर मतदान झालं. तिथल्या न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात समलिंगी विवाहाला मान्यता दिली होती, ती काढून घेणारा हा प्रस्ताव. तो मंजूर झाला. दोन्ही बाजूंनी मिळून आठ कोटी डॉलरच्या वर खर्च झाला होता, आणि शंभर डॉलर किंवा त्याहून जास्त देणगी देणाऱ्यांची नावं कायद्यानेच जाहीर होत होती. लोकांनी याद्या उघडल्या. सॅन दिएगोच्या एका मोठ्या हॉटेलचा मालक डग मँचेस्टर याने सव्वा लाख डॉलर दिले होते. त्या हॉटेलवर बहिष्कार पडला आणि तिथल्या हॉटेल कामगारांची युनियनसुद्धा त्यात उतरली. तिथे हिशोब सरळ होता. तुम्ही खोलीचं भाडं भरता, त्यातले पैसे तुमचंच लग्न मोडायला जातात, मग का भरायचे?

त्याच यादीत लॉस एंजेलिसचं एल कोयोटे नावाचं जुनं मेक्सिकन रेस्टॉरंटही सापडलं. तिथल्या एका मॅनेजरबाईने स्वतःच्या खिशातून शंभर डॉलर दिले होते. गे मंडळींचा वर्षानुवर्षांचा अड्डा, वाढणाऱ्यांतही गे मुलं. बाहेर निदर्शनं झाली, धंदा पडला, आणि टिपवर जगणारी तीच मुलं रिकाम्या टेबलांकडे बघत उभी राहिली. सव्वा लाख आणि शंभर, दोघांना शिक्षा सारखीच. मला हे तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं. त्या बाईंनी केलं ते बरोबर होतं असं नाही. पण माप एकच लावलं की चळवळीचा धाक जातो आणि नुसता राग उरतो.

आणि लग्नाचा हक्क? तो कॅलिफोर्नियात जून २०१३ मध्ये न्यायालयातून परत आला, देशभर २६ जून २०१५ ला, तोही न्यायालयातूनच. बहिष्काराने वातावरण तापलं, कंपन्या सावध झाल्या, पुढची देणगी देताना लोक दहादा विचार करू लागले. बहिष्काराचं काम तेवढंच असतं, आणि ते कमी नाही.

तुमचा केटरर कुठल्या मोहिमेला पैसे देत नाहीय. त्यामुळे तुमचा बहिष्कार लग्नाच्या कायद्यासाठी नसेल. पार्ल्यात दोन मुलींच्या पंगतीला नाही म्हणायचं की नाही, एवढ्यासाठी असेल. हे एकदा मनाशी पक्कं केलंत की काय मागायचं ते आपोआप कळेल. आणि मागणीशिवाय बहिष्कार घालू नका, ही माझी एकच अट आहे.

गिरणगावच्या लोकांना पटेल असं एक उदाहरण सांगते. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत ट्रक चालवणाऱ्यांच्या युनियनने कूर्स या बिअर कंपनीवर बहिष्कार पुकारला. गे बारवाल्यांनी साथ द्यावी म्हणून युनियनचा माणूस हार्वी मिल्ककडे आला. मिल्क हा तिथला गे कार्यकर्ता आणि दुकानदार, पुढे नगरपालिकेवर निवडून आला. तो म्हणाला, देतो साथ, पण तुमच्या ट्रकवर गे ड्रायव्हरांना नोकऱ्या द्या. बारमधून कूर्स गेली आणि गे ड्रायव्हर ट्रकवर बसले. या कंपनीवर आणखीही राग होता. नोकरीसाठी येणाऱ्यांना खोटं पकडणाऱ्या यंत्राला जोडून लैंगिक गोष्टींबद्दल प्रश्न विचारले जात. कामगार महासंघाचा कूर्सवरचा बहिष्कार १९८७ पर्यंत चालला आणि वाटाघाटींनी मिटला. दहा-बारा वर्षं धरून बसले, कारण काय हवंय आणि काय मिळालं म्हणजे उठायचं, हे ठाऊक होतं.

इटलीच्या बारिला या पास्ता कंपनीचंही तसंच. सप्टेंबर २०१३ मध्ये अध्यक्ष गुइदो बारिला रेडिओवर म्हणाले की आमच्या जाहिरातीत समलिंगी कुटुंब दिसणार नाही, ज्यांना आवडत नसेल त्यांनी दुसरा पास्ता खावा. लोकांनी खरोखरच दुसरा घेतला. कंपनीने माफी मागितली, कार्यकर्त्यांना भेटली, धोरणं बदलली, आणि वर्षभरात अमेरिकेतल्या समलिंगी हक्कांच्या मोठ्या संस्थेच्या यादीत तिला शंभरपैकी शंभर गुण मिळाले. मनातून किती बदलली देव जाणे. मला त्याच्याशी कर्तव्य नाही, तुम्हालाही नसावं. केटररच्या मनात काय आहे ते त्यांचं. तुमच्या ताटात वाढायचं की नाही, प्रश्न एवढाच.

उलट्या कहाण्याही आहेत. त्याच २०१३ सालात रशियाने समलिंगींविरुद्ध कायदा केला, म्हणून अमेरिकेतल्या गे बारनी स्टोलिच्नाया व्होडकाच्या बाटल्या गटारात ओतल्या. ती व्होडका तयार होत होती लाटवियात, आणि कंपनीचा मालक रशियाच्या सरकारशी भांडून देश सोडून गेलेला. २०१२ मध्ये चिक-फिल-ए या चिकनवाल्यांवर बहिष्कार पुकारला, तर समोरच्या बाजूने १ ऑगस्टला ‘कौतुक दिन’ जाहीर केला आणि दुकानांबाहेर गल्लीच्या टोकापर्यंत रांगा लागल्या. कंपनीची त्या दिवशी विक्रमी विक्री झाली. तुमचा मेसेज शंभर ग्रुपवर फिरला तर पार्ल्यातही तसंच होऊ शकतं. आज अवघडून ‘आमच्याच्याने नाही होणार’ म्हणणारा माणूस उद्या संस्कृतीचा रखवालदार होऊन बसेल, त्याला तुम्हीच चढवून ठेवलेलं असेल. आपल्याकडे हे हत्यार बहुतेकदा तिकडूनच चालतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन बायका एकमेकींसाठी करवा चौथचं व्रत करतात, अशी डाबरच्या फेम या ब्लीच क्रीमची जाहिरात आली. आरडाओरडा झाला, मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कारवाईची धमकी दिली, आणि डाबरने जाहिरात मागे घेऊन माफी मागितली.

म्हणून मेसेजबद्दल माझं उत्तर स्वच्छ आहे: पुढे पाठवू नका. दुकानाचं नाव आणि काय घडलं हे सांगणं ठीक आहे, ते खरं आहे आणि तुमच्याबरोबर घडलंय. पण मोबाइल नंबर आणि बिल्डिंगचा फोटो कशासाठी? रात्री दोन वाजता कुणी शिव्या द्यायला फोन केला तर तो त्यांची बायको उचलेल. मूळ मजकुरात कुणी चार शब्द वाढवले तर बदनामीची तक्रार तुमच्या दारात येईल, मित्रमंडळींच्या नाही. आणि ती शेवटची ओळ, ‘यांच्या घरच्या कार्यालाही कुणी जाऊ नये’, ती मला अजिबात चालत नाही. वाळीत टाकणं म्हणजे काय हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. जातपंचायतींनी घरंच्या घरं उठवली, म्हणून आपल्याला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. त्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तुमच्या मेसेजला तो कायदा लागू होईल असं मी म्हणत नाही, तो जातीतल्या माणसाने जातीतल्याला वाळीत टाकण्याबद्दल आहे. पण लग्नाकार्यातून, हळदीकुंकवातून, स्वयंपाकघरातून बाहेर ठेवलं जाणं काय असतं, हे तुमच्या लेकीला आणि तिच्या मित्रमंडळींना माझ्याहून जास्त ठाऊक असेल. त्यांनीच ते दुसऱ्यावर उगारावं?

मुंबईने बहिष्कार घातले नाहीत असं नाही. १९२१ च्या जुलैत परळला गांधीजींच्या समोर विलायती कापडाची होळी झाली. १९३० मध्ये देशसेविका केशरी साड्या नेसून कापडबाजारात पिकेटिंग करत. त्यात घराचा उंबरठा न ओलांडलेल्या कित्येक बायका होत्या. दुकानाच्या दाराशी उभ्या राहायच्या, आत जाणाऱ्याला हात जोडून सांगायच्या, प्रसंगी पकडल्या जायच्या. त्याच वर्षी १२ डिसेंबरला काळबादेवीला बाबू गेनू विलायती कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. या सगळ्यांचा चेहरा उघडा होता. पुढे ढकललेल्या मेसेजला चेहराच नसतो, म्हणून तो पाठवायला इतका सोपा वाटतो.

तेव्हा तुम्ही स्वतः जा. दुपारी तीन-साडेतीनला, दुकानात गर्दी नसते तेव्हा. संध्याकाळी बटाटेवड्याच्या रांगेसमोर तमाशा नको, गिऱ्हाइकांसमोर माणूस हटकून ताठ होतो. लेकीला यायचं असेल तर नको म्हणणार नाही, पण आधी एकट्या जा. राग तिचा जास्त आहे आणि ओळख तुमची. काऊंटरवर पोरगा असेल तर मालकांना बोलवायला सांगा आणि बसायला खुर्ची मागून घ्या, उभ्याने बोलू नका. मग जे झालं ते सांगा: थोरलीच्या लग्नात तुम्ही जिलबी गरम वाढली होतीत, धाकटीच्या वेळी तुम्ही फोन करून नाही म्हणालात. मला फार लागलं. कायद्याची भीती असेल तर समारंभ बेकायदेशीर नाही, मी लिहून देते. आणि मग मागणी. ‘डिसेंबरची ऑर्डर घ्या’ अशी नको. मन मारून केलेलं जेवण त्या दिवशी कुणाला हवंय? ‘पुढच्या वेळी अशी दोन नावं घेऊन कुणी आलं तर परत पाठवणार नाही, एवढं मला सांगा. तोवर माझ्या घरची ऑर्डर तुमच्याकडे येणार नाही. फराळाचीही नाही.’ पटतं का विचारू नका. वाद वाढला तर उठून या.

ते हो म्हणाले तर दिवाळीचे अनारसे तिथूनच आणा आणि लेकीला का ते सांगा. नाही म्हणाले तर दुकान बदला, आणि कुणी ‘यंदा फराळ कुठून?’ विचारलं की खरं कारण तुमच्या तोंडाने, तुमच्या नावाने सांगा. महिला मंडळात सांगा, जिन्यात भेटलेल्या शेजारणीला सांगा. तीस बायकांना पार्ल्यातल्या एका ओळखीच्या बाईने समोर बसून सांगितलेलं तीनशे ग्रुपवरच्या मेसेजहून जास्त टिकतं. नणंदबाईंना तिथूनच आणायचं असेल तर आणू दे. दुसऱ्याची पिशवी तपासत बसू नका.

पोळ्या करणाऱ्या बाईंचा प्रश्न तुम्ही विचारलात, हे मला आवडलं, बहुतेक लोक विचारत नाहीत. तुमच्या एका घरच्या फराळाने त्यांची रोजी बुडणार नाही, तेवढा अपराधीपणा काढून टाका. पण बहिष्कार मोठा झाला तर पहिल्यांदा त्याच घरी बसतील, हे खरं आहे. मालकाला पगार नसतो, त्या रोजंदारीवर असतात. दिवाळीच्या तोंडावर त्यांची जास्तीत जास्त कमाई होते. सरळ त्यांना फोन करा आणि घरून चकल्या-कडबोळी करून देतात का विचारा. पुष्कळजणी देतात. दुकानातला भावच द्या, ओळखीपोटी कमी करून मागू नका. फक्त दुकानाच्या वेळात त्यांच्या घरी पिशव्या घेऊन जाऊ नका, मालकाला कळलं तर त्यांचंच काम जाईल.

लेकीशी एक बोलणं बाकी राहतं. ‘दिवाळीला येणार नाही’ हे फराळाबद्दल नसावं. तिला बहुधा बघायचंय की आई माझ्यासाठी चार माणसांत वाईटपणा घेते का. तुम्ही दुकानात जाऊन आलात की तिला त्याचं उत्तर मिळेल, मालक काहीही म्हणोत. मेसेज का पाठवणार नाही तेही तिला सांगा. रागावेल. रागावू दे.

जेवणाची राहिलेली सोय: नव्या केटररला पहिल्याच फोनवर सांगा की दोन मुलींचं लग्न आहे, दोन्ही नावं बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या आणि ॲडव्हान्स त्यानंतर द्या. दोघींचं एकत्र बँक खातं आणि नॉमिनेशन झालं नसेल तर तेही उरकून टाका. त्याला काही आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. दोघींची मृत्युपत्रंही करून घ्या, कारण नोंदणी नसताना कागदच कामी येतात. आणि नागपूरची मंडळी येणार आहेत, तेव्हा वडाभात येणारा आचारी आहे का, हे आत्ताच विचारून ठेवा. पार्ल्यात शोधायला वेळ लागेल.